किचनसाठी चिमणी घ्यायचीय – सक्शन किती, पाईप कुठून न्यायचा आणि मुळात हवी का?

आमसूल
नमस्कार मंडळी, जुने धागे चाळले पण त्यातले बरेचसे ट्रॉल्यांवर घसरलेत म्हणून नवीन काढतेय. ठाण्यात टू बीएचके, किचन ८ बाय १०, उंची १० फूट. तीन बर्नरची शेगडी, पाईप गॅस. खिडकी सिंकच्या वर आहे आणि शेगडी तिच्या काटकोनातल्या भिंतीला, म्हणजे चिमणीचा पाईप लॉफ्टखालून सहा-सात फूट फिरवून खिडकीच्या वरच्या काचेतून बाहेर काढावा लागेल. आठवड्यातून दोनदा मासे, त्यातला एक दिवस तळलेले, रोजची फोडणी, भाकऱ्या, आणि सासूबाई गावाहून आल्या की सुकट भाजणं. टाइल्सवर, लॉफ्टच्या दारांवर, पंख्यावर सगळीकडे तो पिवळा चिकट थर बसलाय आणि मिरचीच्या फोडणीला हॉलमध्ये बसलेली माणसंसुद्धा खोकतात.

दुकानदार म्हणतो १५०० सक्शनची (म्हणजे तासाला १५०० घनमीटर हवा ओढणारी) फिल्टरलेस, म्हणजे आत जाळी-फिल्टर नसलेली, ऑटोक्लीन घ्या, डोळे मिटून. सासूबाई म्हणतात एक्झॉस्ट आहे तो धुवा आधी. नवरा म्हणतो दिसायला छान तिरकी काळ्या काचेची घेऊ. बजेट २० हजार, फिटिंग धरून. सांगा काय करू.

भाजका_बांगडा
सुकट भाजणार असाल तर १५०० काय १५००० घ्या, वरच्या मजल्यावरचे तरी जेवायलाच येणार :)
वाचतोय. आम्हालाही घ्यायचीय.

तिसरा_मजला
सासूबाईंना अनुमोदन. आम्ही भाड्याच्या घरात राहतो त्यामुळे भिंतीला भोक पाडायचा प्रश्नच नाही, खिडकीतल्या नऊ इंची मेटल एक्झॉस्टवर सगळं चाललंय, किंमत चिमणीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, महिन्यातून एकदा पाती काढून गरम पाण्यात टाकायची, झालं. चिमणी म्हणजे मॉड्युलर किचनवाल्यांनी लावलेलं फॅड आहे असं माझं स्पष्ट मत.

काकूबाई_६२
फॅड नाही हो. एक्झॉस्ट शेगडीच्या बरोब्बर वर किंवा अगदी बाजूला असेल तर ठीक. आमसूलकडे तो आहे सिंकवर आणि शेगडी दुसऱ्या भिंतीला, म्हणजे धूर आधी अख्ख्या किचनभर फिरणार, लॉफ्टला तेल लावणार आणि मग सावकाश बाहेर जाणार. पिवळा थर त्याचाच आहे. खोलीतली हवा बदलणं वेगळं आणि कढईतून निघालेला धूर पसरायच्या आत उचलणं वेगळं. एक्झॉस्ट पहिलं काम करतो, दुसरं नाही.

मी आजवर वेगवेगळ्या घरांत जाळीवाली, बॅफलवाली आणि आता फिल्टरलेस अशा तिन्ही वापरल्यात. जाळीवाली घेऊच नका, आपल्या तेलाला ती जाळी बघता बघता तुंबते आणि तुंबली की नुसता आवाज, ओढ शून्य. बॅफल म्हणजे स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या, हवा वळणं घेत जाते, तेल जड म्हणून पट्टीला चिकटून खाली वाटीत गळतं. आपल्या स्वयंपाकाला हीच बरी. दर दोन आठवड्यांनी काढून उकळत्या पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून तासभर ठेवायची, फार काही घासावं लागत नाही.

वळणदार_पाईप
मी एसी-व्हेंटिलेशनच्या धंद्यात आहे (चिमण्या विकत नाही, आधीच सांगतो). थोडं गणित करू, घाबरू नका.

८ बाय १० बाय १० म्हणजे ८०० घनफूट, म्हणजे साधारण २२.६ घनमीटर. किचनची हवा तासाला १० ते १५ वेळा बदलावी असा ढोबळ हिशोब धरतात. १५ धरा, ३४० घनमीटर तासाला. आता १२०० ची चिमणी खरंच १२०० ओढत असेल तर तुमच्या किचनची सगळी हवा तासात ५३ वेळा बदलेल. मग दुकानदार १५०० का सांगतो? एक कारण तुम्हाला कळलंच असेल. दुसरं कारण जरा प्रामाणिक आहे. खोक्यावरचा आकडा हा आडकाठी नसतानाचा असतो. त्याला पाईप लावला, दोन वळणं दिली, टोकाला कबुतरांची जाळी ठोकली की तो घसरतो, आणि किती घसरेल ते सगळं तुमच्या पाईपवर आहे, ब्रँडवर नाही.

आता पाईप. चिमणीचं तोंड सहा इंचाचं असतं. फिटिंगला येणारा माणूस कधीकधी म्हणतो काचेत सहा इंच भोक मोठं दिसतं, चार इंचाचा रिड्युसर (पाईप अरुंद करणारा जोड) टाकू. अजिबात नाही म्हणायचं. चार इंची पाईपचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरतं, ४४ टक्के. सहा इंचातूनच १००० घनमीटर न्यायचे तर हवा ताशी ५५-५६ किलोमीटरनी धावते, १५०० न्यायचे तर ८२-८३ नी. चार इंचात काय होईल बघा. होणार काहीच नाही, नुसती बोंब मारेल.

म्हणून माझं म्हणणं, सक्शनचा आकडा हा शेवटचा प्रश्न आहे. आधी पाईप कुठून, किती लांब, किती वळणं. एक काटकोनी वळण म्हणजे कित्येक फूट सरळ पाईप वाढवल्यासारखं. तुमच्याकडे चिमणीच्या डोक्यावर एक आणि खिडकीपाशी एक अशी दोन अटळ दिसतायत. तिसरं येऊ देऊ नका. आणि तो चुण्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पाईप पूर्ण ताणून लावायला सांगा, दहा फुटी पाईप सात फुटात कोंबून वरच्या कपाटात गुंडाळून ठेवतात, त्या चुण्यांत हवाही अडते आणि तेलही साचतं. जमल्यास सरळ भागाला कडक पाईप आणि फक्त वळणाला चुण्यांचा.

आमसूल
बापरे, हे दुकानात कोणी बोललंच नाही. पाईपविना चालणारी पण दाखवत होता एक, कार्बन फिल्टरवाली. ती घेतली तर हा सगळा उपद्व्यापच नको ना?

न्यूजर्सीची_मावशी
अगं नको! आमच्याकडे अपार्टमेंटमध्ये शेगडीवर मायक्रोवेव्ह असतो ना, त्याच्या पोटात पंखा, तो हवा ओढतो, जाळीतून गाळतो आणि तुझ्याच तोंडावर परत फेकतो. फोडणी दिली की स्मोक अलार्म ठणाणा, मग मी टॉवेल हलवत उभी. कार्बन फिल्टर वास थोडा कमी करतो, पण वाफ, उष्णता, गॅसच्या ज्वाळेतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड हे सगळं घरातच राहतं. शिवाय तो कार्बन धुता येत नाही, काही महिन्यांनी बदलायचाच. बाहेर पाईप काढणं शक्य आहे ना तुझ्याकडे? मग विचारसुद्धा करू नकोस.

दुसरी एक गोष्ट. इकडे लॉरेन्स बर्कली लॅबवाल्यांनी घरोघरचे हूड (म्हणजे आपल्या चिमण्याच) तपासले होते, त्यात स्पष्ट दिसलं की मागच्या बर्नरचा धूर हूड चांगला पकडतो आणि पुढच्या बर्नरचा बराचसा निसटतो. कारण साधं आहे, बहुतेक हूड पुढच्या बर्नरपर्यंत येतच नाहीत. तेव्हा तुझ्या नवऱ्याला सांग, ती तिरकी काच भिंतीला चिकटून उभी असते, खाली झाकते किती ते बघ. दिसायला झकास हे मान्य.

भाजका_बांगडा
तिरकीची बाजू घेतो. माझी उंची पाच फूट अकरा, मित्राकडच्या सपाट चिमणीच्या कडेला डोकं आपटून टेंगूळ आलंय. तिरकीत तो त्रास नाही.

वळणदार_पाईप
उंचीचा मुद्दा बरोबर. शेगडीपासून चिमणीची खालची कड ६५ ते ७५ सेंटिमीटरवर हवी, नेमकं किती ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळायचं. खाली आणली तर ज्वाळेची धग आणि आगीची भीती, वर नेली तर धूर बाजूनी पळतो. ओटा आणि शेगडी मिळून ३७-३८ इंच धरलेत तर कड साधारण सव्वापाच-साडेपाच फुटांवर येते, म्हणजे उंच माणसाचं कपाळ बरोबर तिथेच. उंच माणूस रोज स्वयंपाक करणार असेल तर हा विचार जरूर करा. फक्त पाणी प्यायला येणार असेल तर नको :)

आणि रुंदी. तीन बर्नरला ६० सेंटिमीटर चालते असं सर्रास सांगतात. टेप घेऊन शेगडी मोजा. शेगडी ७० च्या पुढे असेल तर ६० ची चिमणी कडेच्या बर्नरांना अर्धवटच पुरणार.

आमसूल
मोजली. ७२ आहे.
आणि नवरा पाणी प्यायलाच येतो.

मीठमसाला
एक अगदी महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाहीये. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या बंद आणि चिमणी फुल स्पीडवर, तर ती हवा मिळेल तिथून ओढणार. आमसूल, तुमच्याकडे गॅस गीझर आहे का? पुण्या-मुंबईत खूप जणांनी ड्राय बाल्कनीत नाहीतर बाथरूममध्ये गॅस गीझर लावलेत आणि बाल्कनीला स्लायडिंग काचा लावून ती बंद केलीये. अशा वेळी चिमणी त्या गीझरचा जळका वायू घरात ओढू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. हा थट्टेचा विषय नाही.

न्यूजर्सीची_मावशी
+१००. इकडे तर बऱ्याच ठिकाणी बांधकामाचा नियमच आहे की ४०० सीएफएमपेक्षा मोठा हूड लावलात तर आत ताजी हवा यायची वेगळी सोय करा. ४०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट, तुमचे तासाला ६८० घनमीटर. त्या हिशोबानी तिकडचे १५०० वाले सगळेच त्या रेषेच्या पार पलीकडे.

आमसूल
गीझर आहे आणि ड्राय बाल्कनीतच आहे! काचा नाहीत, नुसतं ग्रिल आहे, पण यंदा पावसाच्या आधी काचा लावायचं घाटत होतं.

मीठमसाला
काचा लावू नका, किंवा लावायच्याच तर गीझर इलेक्ट्रिक करा. आणि चिमणी चालू असताना हॉलची एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. किचनचीच नको.

तिसरा_मजला
किचनची का नको? हवा तर तिथूनच जवळ आहे.

वळणदार_पाईप
जवळ आहे म्हणूनच. शेगडीशेजारच्या खिडकीतून झुळूक आली की ती धुराला चिमणीखालून ढकलते. हवा लांबून, सावकाश यायला हवी. म्हणूनच फोडणीच्या वेळी किचनमधला पंखाही बंद. खात्री करायची तर उदबत्ती पेटवून पुढच्या बर्नरवर धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. कागद जाळीला चिकटून दाखवतात ना दुकानात, त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कागद एकदम तोंडाशी धरलेला असतो.

चिमणी फोडणीच्या आधी दोन-चार मिनिटं चालू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू राहू द्या. धूर दिसल्यावर बटण दाबायचं ही आपली सवय, तोवर तो लॉफ्टला पोचलेला असतो.

ओट्यावरची_मांजर
आमच्याकडे हवेचं प्रदूषण मोजायचं छोटं यंत्र आहे, मुलाच्या दम्यासाठी घेतलेलं. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) साठी आपल्याकडचं २४ तासांचं मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५. मासे तळताना किचनमध्ये चिमणी बंद असेल तर आकडा बघवत नाही इतका चढतो आणि जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी पुरता उतरत नाही. चिमणी आधीपासून लावली तर चढतो पण लवकर उतरतो. त्यामुळे हे टाइल्स पुसण्यापुरतं नाहीये एवढंच सांगायचं होतं. इंडक्शनवर केलं तरी तळणाचा धूर तोच असतो बरं का, फक्त ज्वाळेचे वायू वाचतात.

काकूबाई_६२
ऑटोक्लीनबद्दल राहिलं. ऑटोक्लीन म्हणजे चिमणी स्वतःला धुते असा समज आहे. आत एक हीटर असतो, तो मोटरच्या घरातलं थिजलेलं तेल पातळ करतो आणि ते खालच्या वाटीत उतरतं. बस. वाटी तुम्हीच रिकामी करायची, काच तुम्हीच पुसायची, आणि पाईपच्या आतल्या तेलाला तो हीटर शिवतही नाही. तो नियमानं दर आठ-पंधरा दिवसांनी चालवला तर उपयोग, सहा महिने विसरलात तर तेल डांबरासारखं घट्ट होतं आणि मग मेकॅनिकच बोलवावा लागतो.

तरीही मी आता फिल्टरलेसच वापरते कारण माझे खांदे दुखतात, तो जड बॅफल डोक्यावरून काढणं-घालणं झेपत नाही. हातपाय धड असतील आणि तळण बरंच असेल तर बॅफल घ्यावी. बॅफल आणि ऑटोक्लीन दोन्ही असलेली मिळते ती सगळ्यात बरी.

आणि सर्व्हिसवाले कॉस्टिकचं पाणी घेऊन येतात त्यांना आधी विचारा कशाला लावणार. स्टीलच्या बॅफलला ठीक, अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला कॉस्टिक लागलं की ती काळी पडते, झिजते आणि वर हायड्रोजन वायू सुटतो. शेजारी गॅस चालू ठेवून हा प्रयोग नको. धुण्याच्या सोड्यानीसुद्धा अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

भाजका_बांगडा
ब्रँड बोला की कोणीतरी.

काकूबाई_६२
ब्रँडपेक्षा तुमच्या भागात त्यांचा मेकॅनिक आहे का ते विचारा. इटलीचं नाव बघून भुलू नका, एलिका आणि फेबर दोघीही मूळच्या एकाच फाब्रियानो गावच्या, पण दुरुस्तीला येणारा मुलगा कळव्याहूनच येणार आहे. मोटरची वॉरंटी किती आणि बाकी भागांची किती हे वेगवेगळं लिहून घ्या, जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा फक्त मोटरचा असतो.

रेती_सिमेंट
सिव्हिलवाला बोलतो. भिंतीतून पाईप काढायचा असेल तर आधी ती विटांची भिंत आहे की बीम ते बघा. खिडकीच्या वरचा पट्टा बऱ्याच बिल्डिंगमध्ये आरसीसी बीमच असतो, तिथे कोअर कटिंगचं मशीन लावायचं नाही म्हणजे नाही, सळई कापली जाते. सोसायटीला लेखी विचारा. तुमचा काचेचा मार्ग त्यामानानं सोपा. फक्त काचेला भोक पाडत बसू नका, ती काच काढून त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा एसीपी (अॅल्युमिनियम-प्लास्टिकची) शीट लावा आणि त्यात भोक पाडा. आणि बाहेरचं तोंड कुणाच्या बेडरूमच्या खिडकीसमोर येत नाही ना ते खाली उभं राहून बघा. सोसायटीतली निम्मी भांडणं पार्किंगची, उरलेल्यांत चिमणीचा धूर आणि कुंड्यांचं पाणी.

तिसरा_मजला
आमच्या खालच्यांच्या चिमणीचं तोंड डक्टमध्ये आहे, त्यांची आज कुठली भाजी ते मला बाथरूममध्ये कळतं.

भाजका_बांगडा
सुकट असेल तेव्हा फोन करा.
अवांतर: सुकट भाजताना मंद आचेवर, तेल न घालता, आणि डोकी आधी काढून. वास अर्धा होतो.

ओट्यावरची_मांजर
डोकी काढून भाजलेली सुकट ही सुकट नव्हे. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

आमसूल
मंडळी, खूप खूप धन्यवाद. कालच्या रविवारी दुकानात टेप घेऊनच गेले, दुकानदार जरा चमकला. ठरवलंय ते असं: ७५ सेंटिमीटर, सपाट, शेगडीवर पूर्ण येणारी, बॅफल फिल्टर, ऑटोक्लीन, सक्शन १२००. त्यात बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटरवाली होती पण ती बजेटबाहेर जात होती, आवाज कमी असतो म्हणाला. साधी घेतली तर वीज किती जळेल?

वळणदार_पाईप
साधी मोटर १८० वॉटची धरा. रोज दीड तास म्हणजे महिन्याला आठ युनिट. विजेसाठी बीएलडीसी घ्यायची गरज नाही, आवाजासाठी घ्यायची तर घ्या. तसंही रोज मधल्या स्पीडवरच चालवाल, फुल फक्त मासे आणि दिवाळीच्या चकल्या.

निवड चांगली आहे.

आमसूल
मग साधीच. आता शेवटचे दोन प्रश्न. पाईपचं तोंड पश्चिमेला आहे, पावसाचा मारा सरळ येतो, पाणी आत येईल का? आणि सासूबाई एक्झॉस्ट काढू देत नाहीयेत, राहू दे का?

रेती_सिमेंट
पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवायला सांगा, वाफेचं पाणी झालं तरी बाहेर जाईल. टोकाला खाली तोंड असलेला काऊल, म्हणजे पाऊस अडवणारी टोपी. त्याला जाळी लावा पण मोठ्या भोकांची, बारीक जाळी तेलानी बंद होते. जाळी न लावलीत तर पहिल्याच पावसाळ्यात कबुतर संसार थाटेल.

वळणदार_पाईप
एक्झॉस्ट राहू द्या, दूध करपलं, कुकर उतू गेला तर कामाला येतो. फक्त चिमणी बंद आणि एक्झॉस्ट चालू असं करताना खिडकी उघडा, नाहीतर तो चिमणीच्याच पाईपमधून बाहेरची हवा आत ओढेल. चिमणीच्या तोंडाशी उलटी हवा अडवायला दोन पातळ झडपा असतात, फिटिंगच्या वेळी त्या मोकळ्या उघडमीट करतायत ना ते स्वतः बोटानी हलवून बघा, पाईप बसवताना स्क्रू आत घुसून त्या अडकलेल्या मी बऱ्याच ठिकाणी पाहिल्यात.

आमसूल
बघते. सुतार परवा येतोय वरचं कपाट कापायला, फिटिंग शनिवारी. रिड्युसर आणला तर परत पाठवणार.